कार्ड मिळालं म्हणून म्हाताऱ्यांचं भागलं का?

मूळ पोस्ट (चाटी गल्लीकर): सत्तरीपुढच्या सगळ्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतंय. सोलापुरात म्हाताऱ्यांना आता आणखी काय पाहिजे? उरलेलं पोरांनी बघावं.

विडी घरकुलची सून: सकाळपासून ही पोस्ट डोक्यात बसलीय. २०२४च्या ऑक्टोबरपासून मिळकत न बघता कार्ड देतात, चांगलंच आहे. पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं. बीपी, शुगर, गुडघे, याच्या महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. आणि कार्ड निघायला तर पाहिजे! सासूबाईंनी चाळीस वर्षं विड्या वळल्या, बोटांवर रेघच उरली नाही. केंद्रावरचं पोरगं ओल्या फडक्यानं बोट पुसून पुन्हा पुन्हा दाबत होतं. पाचव्यांदा नाही उठलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "चल गं घरी."

चाटी गल्लीकर: ठसा उठत नसेल तर चेहऱ्यावरून होतं, ॲपमध्येच सोय आहे. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी याच कार्डावर झाली. एक रुपया लागला नाही. नाहीतर घर गहाण पडलं असतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात की.

विडी घरकुलची सून: मिळतात. पण सुजलेल्या गुडघ्यांनी रांगेत दोन तास उभं कोण राहणार? गोळ्या संपत आल्या की त्या आम्हाला न सांगता एक दिवसाआड घेतात. मला डबीतल्या हिशोबावरून कळलं.

हडपसरहून: "पोरांनी बघावं" म्हणजे काय हो? सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या, तिथं पगार आहेत कुठं? शुक्रवारी ऑफिसातून थेट पुण्याहून सोलापूरला येणारी हुतात्मा एक्सप्रेस गाठतो, रविवारी परत. आई पडली तो मंगळवार होता.

रिटायर्ड मास्तर: गाडीचं वेळापत्रक सांगू नका. आमच्या वाड्यात तीन घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. रात्री छातीत दुखलं तर मलाच उठवतात. मी ७४ वर्षांचा आहे.

हडपसरहून: मग नोकरी सोडू? औषधं कुठल्या पैशानं आणू? माझ्या आईला तुम्ही ओळखत नाही, उगाच बोलू नका.

रिटायर्ड मास्तर: आईबद्दल बोललो नाही. लागलं असेल तर शब्द मागं घेतो. पण रात्री उठवणार कुणाला, ते सांगा.

चाटी गल्लीकर: बरं, पोरांचं वाक्य काढतो. कार्डाचं काढणार नाही.

विडी घरकुलची सून: नका काढू. चेहऱ्याचं मला माहीत नव्हतं, उद्या करून बघते. पण महिन्यातनं एकदा नर्सबाई घरकुलात येऊन बीपी बघून गोळ्या देऊन गेली, तर सासूबाईंना ते कार्ड वापरायची वेळच येणार नाही. त्यावर कुणीच बोललं नाही.