घरच्या खताच्या बादलीत काय टाकावं, काय टाकू नये?

अंगणातला_पारिजात:
चौघांचं घर आहे. बाल्कनीत ४० लिटरची, चारही बाजूंनी भोकं पाडलेली बादली आहे आणि खाली थोडी मातीची बाग. भाजीची देठं-सालं टाकतोच. अडतं ते पुढच्या गोष्टींपाशी: लिंबाची सालं, उरलेला भात-आमटी, आंब्याच्या कोयी, नारळाच्या शेंड्या, निर्माल्य, अंड्यांची टरफलं, मासळीची डोकी आणि बागेतून उपटलेली हरळी. एक जण टाका म्हणतो, दुसरा अजिबात नको. निकष नेमका काय लावायचा?

ओला_सुका:
आधी एक गोष्ट पक्की धरा: तुमची बादली तापत नाही. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा ढीग नीट रचला तर आतून ५५-६० अंशांपर्यंत जातो, त्यात तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात. ४० लिटरमध्ये ती ऊब टिकत नाही. म्हणून ज्याला मारायला उष्णता लागते ते बादलीत घालायचं नाही. दोघांचं खरं असू शकतं ते यामुळेच, एकाकडे ढीग असतो आणि दुसऱ्याकडे बादली.

लिंबाची सालं चालतात. आंबटपणा कुजताना जातो. सालीतलं तेल मात्र बुरशीला आणि गांडुळांना रोखतं. बारीक चिरून दिवसाला दोन-तीन लिंबांची घाला. गांडुळं सोडली असतील तर घालू नका.

भात, पोळीचे तुकडे मूठभर चालतील. आमटी, रस्सा, लोणचं नको. मीठ कुजत नाही, ते खतात तसंच साठत जातं आणि पुढे कुंडीतल्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. तेलाचा थर कचऱ्यावर बसला की आत हवा जात नाही.

टरफलं धुऊन, वाळवून, मिक्सरमधून पूड करून घाला. नुसती चुरडलेली टरफलं वर्षभरानेही तशीच हाताला लागतात. कोयीचं कवच बादलीच्या तीन महिन्यांत कुजत नाही आणि ओलाव्यात आतलं बी रुजतं. ती बागेत पुरा किंवा ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. करवंटी नकोच. शेंडी मात्र सोडवून, मोकळी करून तळाशी दोन इंच पसरा. पाणी निथळतं आणि खालून हवा मिळते.

मासळी बादलीत नाही. बागेत दीड फूट खोल पुरून वर फरशी ठेवा. उथळ पुरलं तर घुशी रात्रीत उकरतात.

गच्चीवरची_बाग:
निर्माल्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी चूक तिथे होते. हाराचा दोरा काढाच, बहुतेक नायलॉनचा असतो आणि खत चाळताना चाळणीत गुंतून बसतो. जरीचा कागद, अगरबत्तीच्या काड्या, कापूर वेगळे करा. हळद-कुंकू झटकून टाका. झेंडू ओला असतो आणि दाबून बसतो, म्हणून जेवढी फुलं तेवढाच सुका पाला.

गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या ओल्या टाकू नका. दूर्वा म्हणजेच हरळी! एका पेरातूनही ती फुटते. पत्रीत धोतऱ्याची फळं आली असतील तर तीही वेचा, त्यातलं बी कुंड्यांमधून उगवतं आणि ते विषारी आहे. रुई, कण्हेरीची पानं कुजतात, पण चिरताना चिकाचा हात डोळ्यांना लावू नका.

परसबाग:
हरळी उपटल्यावर माती झटकून गच्चीवर पातळ पसरा. मे महिन्यात आठवडाभरात कुरकुरीत होते, मोडली की आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा झाकणाच्या पिंपात पूर्ण पाण्यात बुडवून महिनाभर कुजवा. वास येतो, पण पेरं मरतात. मग तो गाळ खतात घाला. लव्हाळ्याच्या गाठी याला अपवाद, त्या बाहेरच टाका. गाजर गवत फुलायच्या आधीचंच घ्या आणि हातमोजे घालून.

पिठ्या ढेकूण लागलेल्या फांद्या, मर रोगाने उभी सुकलेली टोमॅटोची झाडं बादलीत नकोत. आंबा, फणस, अशोक यांची पानं मेणचट असतात. चुरून वेगळ्या पोत्यात ओलसर ठेवा, सहा-आठ महिने लागतात.

अंगणातला_पारिजात:
मनापासून आभार. सध्या बादलीला आंबूस वास येतोय, तळाशी पाणी आहे आणि वर जाड तपकिरी अळ्या. हे बिघडलं का?

ओला_सुका:
पाणी जास्त, हवा कमी. एक वाटी ओल्याला दीड-दोन वाट्या सुकं हे माप पाळा: चुरलेला पाला, कोकोपीट, रंगीत छपाई नसलेला पुठ्ठा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. आज सगळं उपसून सुकं मिसळा, दर तीन दिवसांनी तळापासून हलवा. मूठ आवळल्यावर एक-दोन थेंबच यावेत. नाकाला झोंबणारा वास वेगळा. तो अमोनिया, त्यावरही सुकंच वाढवायचं.

अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतील. त्या ओला कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी अन्नावर बसत नाही. नको असतील तर वर दोन इंच कोकोपीट ठेवा.

अजून एक, चहाचा चोथा गोड असेल तर धुऊन घाला, नाहीतर मुंग्या येतात. चहाच्या पुड्यांच्या जाळीत अनेकदा प्लास्टिक असतं. फाडून आतली पूडच घ्या.

गच्चीवरची_बाग:
तयार झालं की चाळून १५ दिवस सावलीत पोत्यात ठेवा. मग एका वाटीत खत-माती अर्धी अर्धी घेऊन मेथीचे २० दाणे पेरा, दुसऱ्या वाटीत नुसत्या मातीत २०. खताच्या वाटीत उगवण कमी दिसली तर ते अजून कच्चं आहे, आणखी १५ दिवस थांबा.