मसावि: भागाकार पद्धत लेकीला कशी समजावू?

मंडळी, मदत हवी आहे. लेक सहावीत आहे. ५२७ आणि ७१३ चा मसावि (दोन्हींना नि:शेष भागणारी सर्वांत मोठी संख्या) काढायचा होता. २, ३, ५, ७ कशानेच भाग जाईना, म्हणून अवयव सोडून भागाकार पद्धत घेतली. ७१३ ला ५२७ ने भागलं, बाकी १८६. ५२७ ला १८६ ने, बाकी १५५. १८६ ला १५५ ने, बाकी ३१. मग १५५ ला ३१ ने नि:शेष भाग गेला. मसावि ३१ (३१×१७, ३१×२३).

पण आमच्या लेकबाईंचा प्रश्न, "भाजकाला बाकीनेच का भागायचं?" दोन्ही संख्यांना भागणारी संख्या बाकीलाही भागते, इथवर तिला पटलं. शेवटचा भाजकच सर्वांत मोठा कशावरून, हे बीजगणित न आणता कसं सांगू? कागदाच्या पट्ट्या कापून कुणी दाखवलंय का? आणि तीन संख्या असतील तर आधी कुठल्या दोन घ्यायच्या, की कुठल्याही चालतात?