चित्रांच्या पेजवर लाइक्स येतात, गिऱ्हाईक येत नाही. बूस्ट करू का?

पाणरंग_वाई:
नमस्कार मंडळी. मी वाईची, जलरंगात निसर्गचित्रं करते. ढोल्या गणपतीचा घाट, मेणवलीचा वाडा, पावसातला पसरणी घाट वगैरे. आठ महिन्यांपूर्वी भाच्याने फेसबुकवर बिझनेस पेज काढून दिलं, इन्स्टाही जोडून दिलं. चित्र टाकलं की "अप्रतिम", "सुंदर गं ताई" यांचा पाऊस पडतो. पण विकली गेली फक्त दोन, त्यातलं एक चुलतदिरांनी घेतलं. आता पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं ते निळं बूस्टचं बटण रोज खुणावतंय. पाचशे रुपये घालून बघू का? ए-फोर चित्राचे अडीच हजार घेते. किंमत लिहीत नाही, विचारलं की सांगते. प्रोफाइलमध्ये लिंक दिली आहे.

उलटा_ब्रश:
बूस्ट राहू द्या, आधी किंमत लिहा. आपल्या माणसाला किंमत विचारून मग "नको" म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून तो विचारतच नाही. तुम्ही समजता चित्र आवडलं नाही.

पेज बघितलं. चित्रं चांगलीच आहेत, फोटो मात्र त्यांच्यावर अन्याय करतात. ट्यूबलाइटमुळे कागद निळसर आलाय आणि घाटाच्या चित्रात नदीवर तुमचा पंखा फिरतोय! फ्रेम करायच्या आधीच फोटो काढून ठेवा. सकाळी खिडकीशी, थेट ऊन नको, मोबाइल कागदाला समांतर. आणखी एक फोटो भिंतीवर टांगलेल्या चित्राचा हवा, म्हणजे आकार कळतो. नुसतं "ए-फोर" लिहून कोणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. उभं चित्र इन्स्टावर १०८० बाय १३५० मध्ये टाका, चौकोनापेक्षा मोबाइलवर जास्त जागा मिळते.

गोदाकाठची:
किंमतीला +१. मी नाशिकला घाटांचीच चित्रं करते, म्हणून राहवलं नाही. ताई, मेणवलीच्या घंटेचं चित्र तुम्ही टाकलंय आणि खाली लिहिलंय काय, तर "वॉटरकलर ऑन पेपर". अहो, चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा ती! चार ओळी लिहा की. त्या दिवशी घाटावर काय चाललं होतं, रंग वाळायला किती वेळ लागला, तेही लिहा. माझं रामकुंडाचं चित्र विकत घेतलं ते अमेरिकेतल्या एका बाईंनी, कारण त्या पोस्टमध्ये मी भांडी घासणाऱ्या आजींबद्दल लिहिलं होतं. चित्रात त्या आजी नखाएवढ्या आहेत.

रील करा, पण बिझनेस अकाउंटला सिनेमाची बरीचशी गाणी मिळत नाहीत. काही बिघडत नाही. पाण्याच्या भांड्यात ब्रश खळबळल्याचा आवाज माझ्या रीलना गाण्यापेक्षा जास्त चालतो.

दुपारचा_चहा:
बूस्टला सरसकट नाही म्हणू नका हो. दिवाळीआधी टेबल कॅलेंडरं काढली होती, तेव्हा मला उपयोग झाला. फक्त उद्देश विचारतात तिथे "मेसेज" निवडा. लाइक-कमेंटचा उद्देश ठेवलात तर लाइक करत सुटणारी माणसंच मिळतात. भागही पुणे-मुंबईपुरता ठेवा. अडीच हजाराच्या एकाच चित्रासाठी मात्र मीही पैसे घालणार नाही, आधीच चाललेली पोस्ट असेल तरच.

उलटा_ब्रश:
चाललेली पोस्ट असेल तर, हे मान्य.

लेखणी_बंद:
मी चित्रकार नाही, बायकोचं पेज सांभाळतो. दोन गोष्टी.

एक, पेज भाच्याच्या खात्यावरून काढलंय ना? मग स्वतःला पूर्ण अधिकार घ्या आणि दोघांच्याही खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत कोडही विचारणारं कुलूप) लावा. "कॉपीराइटमुळे तुमचं पेज बंद होणार, इथे लॉगिन करा" असा मेसेज आला तर त्या लिंकला हात लावू नका. बायकोचं पहिलं पेज असंच गेलं, तीन वर्षांच्या चित्रांसकट.

दुसरं, "लष्करात आहे, बदली झालीय, पाच चित्रं हवीत" म्हणत भाव न करता क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" सांगणारा भेटेलच. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा.

पाणरंग_वाई:
बापरे! तो लष्करवाला मागच्याच महिन्यात आला होता. मी आनंदाने पाचही चित्रं गुंडाळून ठेवली होती. नेमकी रेंज गेली म्हणून वाचले म्हणायची.

पंखा बघून घरात सगळे हसले. घंटेचं चित्र खिडकीशी नेऊन पुन्हा फोटो काढला, सहा ओळी लिहिल्या आणि खाली "₹ २५००, कुरियर वेगळं". लिहिताना हात थरथरला जरा. संध्याकाळपर्यंत तिघांनी शेअर केलं. ठाण्याच्या एका बाई विचारताहेत, फ्रेम करून पाठवाल का? काय सांगू?

गोदाकाठची:
काचेची फ्रेम कुरियरने पाठवूच नका. काच फुटली की तिचे तुकडे कागदावर ओरखडे काढतात, माझं रडून झालंय. फ्रेम हवीच असेल तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट लावा. नाहीतर चित्र बटर पेपरमध्ये, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, वर प्लास्टिक, आणि फ्रेम त्यांनाच ठाण्यात करू दे. पैसे आल्यावरच पॅक करा. आणि हो, त्यांचा नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये "घंटा, ठाणे" असा सेव्ह करा. पुढचं घाटाचं चित्र झालं की आधी त्यांनाच दाखवा.