अपू-त्रयीच्या संचाबाबत

चित्रपटांच्या संग्राहक आवृत्तीत पैसे जातात ते खोक्याला आणि पुस्तिकेला, चित्रपट काय कुठेही पाहता येतो, हा नेहमीचा आक्षेप बऱ्याच संचांना लागू पडतो; पण क्रायटेरियन या जुने अभिजात चित्रपट तबकड्यांवर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या ('पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या तीन चित्रपटांच्या) संचावर तो घेणे मला अन्यायाचे वाटते. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या होत्या. ऑस्करवाल्या अकॅडमीने जपलेले ते अवशेष पुढे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत नेण्यात आले. तेथे ठिसूळ झालेल्या फिल्मला द्रावणाने पुन्हा लवचीक करण्यात आले, वितळून बसलेली चिकटपट्टी, मेण आणि डिंक खरवडण्यात आले, कडेची तुटलेली छिद्रे एकेक करून सांधण्यात आली, आणि नुसत्या या हातकामालाच जवळपास हजार तास लागले. इतके करून 'पथेर पांचाली'ची सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'ची ६० टक्क्यांहून अधिक निगेटिव्ह वापरण्याजोगी निघाली; 'अपूर संसार'साठी मात्र इतरत्र जपलेल्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. या कष्टातून उभे राहिलेले चित्रपटच या संचात आहेत; त्यामुळे खोके साधे पुठ्ठ्याचे असते, तरी माझे मत हेच राहिले असते.

घेणाऱ्यांनी एवढे पाहावे, की अमेरिकेतील ब्लू-रे तबकड्या 'ए' विभागाच्या असतात आणि भारत 'सी' विभागात येतो; एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही, त्यामुळे सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर संच केवळ कपाटात शोभेल.