डिस्क झोपत नाही म्हणून टायमर कमी करणं हा उपाय नव्हे

मांडवीकाठ
कालच्या पोस्टमधला सल्ला असा: "होम सर्व्हरच्या डिस्क झोपत (वापर नसताना फिरायच्या थांबत) नसतील तर एचडीपार्मला (डिस्कच्या सेटिंगची लिनक्स कमांड) -एस (कॅपिटल) 60 द्या, पाच मिनिटांत गप्प होतात." असल्या सल्ल्याने डिस्कचं आयुष्य खर्ची पडतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

टायमर शेवटच्या हाकेपासून, म्हणजे शेवटच्या वाचन-लेखनापासून, मोजतो. दर चार मिनिटांनी कुणी हाक मारत असेल तर डिस्क झोपणारच नाही. दर दहा मिनिटांनी मारत असेल तर दिवसभर झोप-ऊठ चालू राहील. आधी हाक मारणारा शोधा. घरातले टीव्ही, लॅपटॉप बंद करून आयोस्टॅट (डिस्कवरचं वाचन-लेखन मोजणारी कमांड) 10 सेकंदांच्या अंतराने चालवा, वाचन होतंय की लेखन ते बघा. मग फॅट्रेस ही कमांड: हाक मारणारी प्रोसेस आणि फाइल दोन्ही दिसतात. तो कॅशमधलं (मेमरीतलं, डिस्कपर्यंत न पोचणारं) वाचनही दाखवतो, त्यामुळे आयोस्टॅटचे आकडे हलले तरच धरा. बहुतेकदा डॉकरचे (कंटेनरमध्ये ॲप चालवणारं साधन) लॉग, जेलीफिनचा (घरगुती मीडिया सर्व्हर) डेटाबेस किंवा टॉरेंटचं सीडिंग (फाइल इतरांना पुरवणं) सापडतं. ते एसएसडीवर हलवा, डिस्क नोएटाइमने (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा पर्याय) माउंट करा.

फोंडेकार
मुख्य चोर तुम्ही सोडलात. स्मार्टडी (डिस्कची तब्येत तपासणारी सेवा) मूळ सेटिंगमध्ये दर 30 मिनिटांनी तपासणी करतो आणि झोपलेली डिस्कही उठवू शकतो. टायमर 20 मिनिटांचा असेल तर 20 मिनिटं जाग, 10 मिनिटं झोप, दिवसाला 48 वेळा. वर्षाला साडेसतरा हजार! अनेक डेस्कटॉप डिस्कची चालू-बंदची मर्यादा 50,000 असते. स्मार्टडीच्या कॉन्फिगमध्ये त्या डिस्कच्या ओळीला -एन स्टँडबाय (झोपली असेल तर तपासू नको) जोडा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. डिस्क झोपलीय का ते एचडीपार्म -सी (कॅपिटल) ने बघा, त्याने ती उठत नाही.

मांडवीकाठ
बरोबर, ते राहिलं. पण ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टीम) घातलेली नवी डिस्क असेल तर स्मार्टडीला दोष देऊ नका. फॉरमॅटनंतर आयनोड टेबल (फाइलींच्या नोंदींचा तक्ता) भरायचं काम मागे चालूच असतं, मोठ्या डिस्कवर कितीतरी तास. ते संपेपर्यंत कुठलीही सेटिंग लागू पडत नाही.

सत्तरीकर
झोपवायचंच कशाला? चार डिस्क एकदम उठल्या की 12 व्होल्टवर डिस्कमागे दीड-दोन अँपिअर ओढतात. पावसात आमच्याकडे वीज सारखी ये-जा करते, जुनी बॅटरी असलेला यूपीएस त्या झटक्याला खाली बसतो. ॲडॅप्टर जेमतेम असेल तर एखादी डिस्क रेडमधून (अनेक डिस्क एकत्र चालवायची रचना) बाहेर पडते. बचत किती? चार डिस्क, 16 तास झोप, महिन्याला सुमारे आठ युनिट. एवढ्यासाठी रेड धोक्यात?

खाजनकाठ
शिवाय दमट हवा! चालू डिस्क 35–40 अंशांवर राहते, तिच्यावर दव धरत नाही. झोपवली की थंड पडते, बोर्डावरचे संपर्कबिंदू काळे पडतात. खाडीकाठी राहणाऱ्याने डिस्क झोपवूच नये.

मांडवीकाठ
खाजनकाठबाब, असं सरसकट लिहून लोकांना घाबरवू नका. डिस्क खोलीच्या तापमानाखाली जात नाही, मग दव कुठून?

खाजनकाठ
एसीच्या खोलीतून! खोली 22 अंशांवर, डिस्क झोपून तितकीच गार. एसी बंद करून बाल्कांवचं (ओसरीचं) दार उघडलं की जुलैची हवा आत येते, तिचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास. पाणी धरणारच. पुस्तकी बोलू नका.

मांडवीकाठ
एसीच्या खोलीपुरतं मान्य. सर्व्हर तिथे ठेवू नये हाच त्यावर उपाय, डिस्क दिवसरात्र फिरवत ठेवणं नव्हे.

फोंडेकार
सत्तरीकरबाब, यूपीएसचा मुद्दा खरा, पण वीज येऊन मशीन चालू होतं तेव्हाही चारही डिस्क एकदमच उठतात. झोप बंद केल्याने तो झटका टळत नाही. कंट्रोलरमध्ये (डिस्क जोडणारं कार्ड) डिस्क टप्प्याटप्प्याने उठवायची सोय असेल तर ती लावा, आणि बॅटरी बदला.

सत्तरीकर
बॅटरी बदलायला हवी, हे कबूल. पण यूएसबी डॉकवाल्यांचं काय? त्यातले बरेच ब्रिज (यूएसबी आणि डिस्क यांना जोडणारी चिप) एचडीपार्मचा हुकूम पुढे पाठवतच नाहीत.

फोंडेकार
तिथे एचडी-आयडल हा प्रोग्राम वापरा. तो वाचन-लेखन स्वतः मोजतो आणि डिस्कला स्कझीचा (डिस्कशी बोलायची प्रमाण पद्धत) थांबण्याचा हुकूम देतो. वेळ सेकंदांत द्यायची: 1800 म्हणजे अर्धा तास. एचडीपार्मचा टायमर त्या डिस्कवर शून्य (म्हणजे बंद) ठेवा, दोन्ही एकत्र नकोत.