ट्वीडकाठच्या डोंगरवाटा : पीबल्स आणि इनरलीदन परिसरातील माउंटन बायकिंगचे अनुभव

स्कॉटलंडमध्ये राहणारे मराठी सायकलस्वार पीबल्सभोवतीच्या डोंगरवाटांबद्दल वारंवार विचारतात, परंतु उत्तरे इकडेतिकडे विखुरलेली राहतात, म्हणून हा अनुभव धागा काढत आहे. पीबल्स हे छोटे गाव एडिंबराच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर ट्वीड नदीच्या काठी वसले आहे. तिथून प्रवाहाबरोबर पूर्वेला निघाले की आधी ग्लेनट्रेसचे जंगल आणि पुढे इनरलीदन लागते. आपण कोणत्या वाटेने गेलात, ऋतू कोणता होता आणि जमीन कशी होती, हे सविस्तर लिहावे. ‘मजा आली’ एवढ्या एका वाक्याने नवख्याला काहीच कळत नाही.

एडिंबरात राहणारी सायकलस्वार

या खोऱ्यात प्रथमच येणाऱ्याने ग्लेनट्रेसलाच यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण स्कॉटलंडमधील ‘सेव्हन स्टेन्स’ या माउंटन बायकिंग केंद्रांच्या साखळीत ग्लेनट्रेस आणि इनरलीदन ही दोन्ही जंगले येतात. वाटांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे चढत्या काठिण्याचे रंग दिलेले आहेत आणि फाट्याफाट्यावर त्या रंगाची खूण असलेला खांब उभा असतो, त्यामुळे नकाशा न उघडताही फेरी पुरी करता येते.

रंगांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. निळ्या वाटेवर खडी दाबून बसवलेली असते आणि वळणे बाहेरच्या अंगाने उचललेली असतात, त्यामुळे चाक सहसा घसरत नाही. लाल वाटेवर सुटे दगड, उघडी मुळे आणि लहान पायऱ्यांसारखे टप्पे एकामागून एक येतात, आणि चुकलेला तोल सावरायला पुढे सपाट जागा मिळेलच असे नसते. निळी वाट दोन्ही पाय न टेकता, घाई न करता पार होऊ लागली की मगच लालकडे वळावे, असे मी प्रत्येकाला सांगते. लाल फेरी सुमारे १८ किलोमीटरची असून तिचा पूर्वार्ध बहुतांशी चढाचा आहे. माथ्यावरून ‘स्पूकी वुड’ या नावाचा उतार सुरू होतो, तिथे उचललेली वळणे आणि सपाट माथ्याचे मातीचे उंचवटे लागोपाठ येतात. वेग वळणाच्या आधीच कमी करावा, वळणात ब्रेक सोडून द्यावा, बाहेरच्या पायावर भार टाकावा आणि नजर वळण जिथे संपते तिथे ठेवावी; एवढे जमले की सायकल स्वतःहून वाट धरते.

ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेच्या क्रॉस-कंट्री शर्यती याच जंगलात झाल्या. पुरुषांमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक आणि महिलांमध्ये फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेव्हो विजयी झाली. मी दोरीमागे उभी राहून पाहत होते. ती मंडळी चढावर खोगीरावरून फारशी न उठता, मागचे चाक घसरू न देता जी लय राखत होती, ती पाहिल्यापासून मी चढाकडे उताराची किंमत म्हणून पाहणे सोडून दिले आहे.

लेकीकडे आलेला पुणेकर

मी सह्याद्रीच्या घाटवाटांवर अनेक वर्षे सायकल चालवली आहे, त्यामुळे आखीव वाटांपेक्षा जुन्या वाटांची ओढ मला अधिक. पीबल्सच्या दक्षिणेला, नदी ओलांडल्यावर, जिप्सी ग्लेन नावाच्या दरीतून एक जुनी गुरांची वाट डोंगरधारेवर चढते. पूर्वी स्कॉटलंडमधील गुरांचे कळप इंग्लंडच्या बाजारांकडे अशा वाटांनी हाकत नेत असत. दोन्ही बाजूंना चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती आणि मध्ये हिरवळीचा रुंद पट्टा, अशी तिची रचना काही अंतर अजून टिकून आहे. कळप चरत पुढे सरकावा, पण शेजारच्या रानात शिरू नये, हा त्या रुंदीचा हेतू. गवताखालची जमीन ओली असली की टायर रुततो आणि पायांतले बळ निघून जाते, परंतु धारेवर पोचल्यावर ६६१ मीटर उंचीच्या बर्कस्केर्न टेकडीपर्यंत आभाळ आणि हेदरची झुडपे यांखेरीज आड येणारे काहीच नाही. वारा मात्र बोचरा असतो, म्हणून भर उन्हाळ्यातही वारारोधक जाकीट बरोबर घ्यावे.

दुसरी वाट इनरलीदनजवळच्या ट्रक्वेअर गावाहून मिंच मूरवर जाणारी. हा डोंगर ५६७ मीटर उंच आहे आणि ‘सदर्न अपलँड वे’ हा पायी चालणाऱ्यांचा दीर्घ मार्ग त्याच्या कडेने जातो. १६४५ मध्ये फिलिपहॉच्या लढाईत पराभूत झालेला राजपक्षाचा सेनापती मॉन्ट्रोज याच डोंगरावरून ट्रक्वेअरच्या दिशेने निसटला होता. माथ्याच्या अलीकडे वाटेला लागूनच ‘चीज वेल’ नावाचा झरा आहे. डोंगरातल्या पऱ्यांनी वाटसरूला त्रास देऊ नये म्हणून तिथे चीजचा तुकडा ठेवण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे खिंडीतल्या देवापुढे नारळ ठेवून पुढे जातात, तसेच हे. मी शिदोरीतला तुकडा ठेवला आणि दगडावर पडलेली नाणी पाहत थोडा वेळ थांबलो.

या मोकळ्या संचाराला कायद्याचा आधार आहे, हे मला फार मोलाचे वाटते. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी, घोड्यावर किंवा सायकलवर बहुतेक जमिनीवरून जबाबदारीने जाण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. जबाबदारीने म्हणजे फाटक जसे सापडेल तसे लावणे, मेंढ्यांच्या वितीच्या दिवसांत कळपापासून दूर राहणे आणि चालणाऱ्याला आधी वाट देणे.

दोन लहान मुलांची आई

मुले बरोबर असतील तर पीबल्स ते इनरलीदन हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलमार्ग धरावा. ही रेल्वे १९६२ मध्ये बंद झाली. मार्ग जवळजवळ सपाट आणि डांबरी आहे, तो नदीच्या सोबतीने जातो आणि वाटेत ग्लेनट्रेसलाही जोडलेला आहे, त्यामुळे एकाने मुलांना सांभाळावे आणि दुसऱ्याने जंगलात जाऊन यावे, अशी सोय होते. आम्ही नेहमी असेच करतो.

गालाशील्स येथील विद्यार्थी

मला इनरलीदनच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचे आहे. गावाच्या गोल्फ मैदानामागच्या जंगलाला सगळे ‘गोल्फी’ म्हणतात. तिथल्या वाटा वन खात्याने आखलेल्या नव्हत्या; स्थानिक सायकलस्वारांनी त्या फावड्याने आणि दाताळ्याने घडवल्या. पुढे ट्वीड व्हॅली ट्रेल्स असोसिएशन या स्वयंसेवकांच्या संघटनेने वन खात्याशी करार करून त्यांच्या देखभालीची जबाबदारी घेतली. इथे खडी नाही. सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया कुजून काळी झालेली भुसभुशीत माती आहे, तीव्र उतार आहे आणि ओली मुळे आहेत. तिरक्या मुळावर ब्रेक दाबला की पुढचे चाक मुळाच्या कडेने सरकते. म्हणून मूळ काटकोनात ओलांडावे आणि त्या क्षणी दोन्ही ब्रेक मोकळे ठेवावेत. लाल वाट सहज जमते म्हणून कुणी थेट इथे येऊ नये.

नोव्हेंबर २०२१ मधील आर्वेन वादळात ईशान्येकडून आलेल्या वाऱ्याने या भागातील झाडे पट्ट्यापट्ट्याने आडवी केली. एरवी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झाडांची मुळे त्याच ताणाला सरावलेली असतात, त्यामुळे उलट्या दिशेचा तडाखा त्यांना सोसला नाही. ताणाखाली अडकलेला बुंधा कापणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. मी देखभालीला जाऊ लागलो तेव्हा माझ्याकडे पाण्याचे चर साफ करण्याचे काम आले. चर पानांनी तुंबला की पाणी वाटेवरून वाहते आणि एका हिवाळ्यात तिथे घळ पडते. ‘वाट बंद’ हा फलक ओलांडून जाणाऱ्यांना पाहिले की मनापासून वाईट वाटते, कारण पलीकडे बहुतेक वेळा वृक्षतोडीचे यंत्र चालू असते.

जंगलात कुणी जायबंदी झाले तर ९९९ वर फोन करून आधी पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे. ट्वीड व्हॅलीचे बचाव पथकही स्वयंसेवकांचेच आहे. आपण कोणत्या वाटेवर आहोत, तिचे नाव सांगता आले तर ते लवकर पोचतात.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. डिसेंबरात जाता येईल का, अशी विचारणा झाली आहे. जाता येते, कारण ग्लेनट्रेसच्या खडीच्या वाटा पाणी लवकर निचरू देतात. गोल्फी आणि गुरांची वाट मात्र तेव्हा टाळावी. त्या दिवसांत सूर्य पावणेचारच्या सुमारासच मावळतो आणि झाडीत त्याहून लवकर अंधारते. लाल फेरी सकाळीच सुरू करावी आणि हेल्मेटवर एक, हँडलवर एक असे दोन दिवे पूर्ण चार्ज करून न्यावेत. निघण्यापूर्वी वन खात्याच्या संकेतस्थळावर कोणती वाट बंद आहे, ते त्याच दिवशी सकाळी पाहावे.