मदत हवी आहे: माहिती गोळा करणारी शेल स्क्रिप्ट ‘डीएफ’पाशी अडकते

मंडळी, बऱ्याच लिनक्स मशीनवरून बिघाड शोधण्यासाठी माहिती गोळा करायची आहे. बॅश स्क्रिप्ट प्रत्येक कमांडचं आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये टाकते, शेवटी सगळ्यांची मिळून एक टार फाइल करते. पण एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या सर्व्हरची डिस्क) असून पलीकडचा सर्व्हर बंद असला की ‘डीएफ’, म्हणजे डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड, लटकते. ‘टाइमआउट’ लावून ती ठरावीक वेळेनंतर थांबवली तर गाडी पुढे सरकते, पण लोकल डिस्कचे आकडेही हातचे जातात, आणि तेच तर हवे असतात! फक्त लोकल डिस्क दाखवणारा ‘एल’ पर्याय वापरू, की ‘प्रॉक’ (सिस्टिमची चालू माहिती देणारं फोल्डर) यातली माउंटची यादी वाचून एकेक तपासू?

शिवाय हार्डवेअरची माहिती देणाऱ्या ‘डीएमआयडीकोड’ला रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) लागतो. पूर्ण स्क्रिप्ट सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवणं जिवावर येतं. सुडोअर्समध्ये (सुडोने कुणी काय चालवायचं ते ठरवणारी फाइल) तेवढ्याच कमांडला परवानगी देता का तुम्ही?